भांडारगृहाचे नूतनीकरण आणि कीड : प्रचलित मार्गदर्शिकांची एक चिकित्सा

वस्तुसंग्रहालयातील संग्रहाच्या जतनाविषयी गेल्या काही दशकांत जे लेखन झाले त्यात किडीच्या प्रश्नास योग्य ते स्थान मिळाले आहे, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. डेव्हिड पिनिगर यांचे या विषयावरील प्रसिद्ध पुस्तक २००१ मध्ये बाहेर पडले. युरोपीय मानक समितीने २०१६ मध्ये सांस्कृतिक वारशाच्या रक्षणार्थ एकात्मिक कीड-व्यवस्थापनाचे ईएन १६७९० हे मानक प्रसृत केले. रोम येथील इक्रॉम या संस्थेने युनेस्कोच्या सहकार्याने भांडारगृहांच्या पुनर्रचनेची जी री-ऑर्ग नावाची पद्धती सिद्ध केली, तिचाही प्रसार २०११ नंतर अनेक देशांत झाला. आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हे साहित्य अवश्य अभ्यासावे. परंतु ते वाचीत असता एक उणीव सतत जाणवत राहते. या लेखनाचा सारा भर स्थिर भांडारगृहावर आहे. जुने भांडारगृह कशामुळे बिघडते आणि सुधारलेले कसे असावे, याचे विवेचन त्यात तपशिलाने येते. जुने मोडले आहे आणि नवे अद्याप उभे राहिलेले नाही, अशा मधल्या अवस्थेस मात्र त्यात दुय्यम जागा मिळते. कीड शिरण्यास व वाढण्यास सर्वात अनुकूल अवस्था नेमकी हीच होय. प्रस्तुत लेखात या अवस्थेच्या दृष्टीने सदर मार्गदर्शिकांची तपासणी करावयाची आहे.

वास्तविक या मधल्या अवस्थेचे महत्त्व नव्याने सांगण्याची गरज पडू नये. कारण परिरक्षणाची एक प्रमुख प्रयोगशाळाच मुळी अशा अवस्थेतून जन्मास आली. पहिल्या महायुद्धात लंडनवर होणाऱ्या हवाई हल्ल्यांच्या भीतीने ब्रिटिश म्युझियममधील पुष्कळ वस्तू १९१८ मध्ये जमिनीखालच्या बोगद्यांत हलविण्यात आल्या. बॉम्बपासून त्या वाचल्या. युद्धानंतर त्या परत आणल्या तेव्हा मात्र लोखंड गंजलेले, ब्राँझवर चट्टे उठलेले, मातीच्या भांड्यांतून क्षार फुटून आलेले आणि काही ठिकाणी बुरशी धरलेली, असा प्रकार आढळला. याची मीमांसा करण्यासाठी डॉ. अलेक्झांडर स्कॉट या रसायनशास्त्रज्ञास पाचारण करण्यात आले आणि १९२० मध्ये त्या संग्रहालयाची प्रयोगशाळा सुरू झाली. पुढे १९२४ मध्ये तेथे रुजू झालेले हॅरॉल्ड प्लेंडरलीथ हेच १९५९ मध्ये इक्रॉमचे पहिले संचालक झाले. म्हणजे री-ऑर्ग ही ज्या संस्थेची निर्मिती, तिची वंशावळ बोगद्यातील त्या पेट्यांपर्यंत जाऊन पोचते. तेथील हानीचे कारण कीड नव्हती, दमटपणा होता, हे खरे. तरीही आपल्या विषयास उपयोगी असा धडा त्यात आहे : पेट्या बंद होत्या, आणि आत काय चालले आहे हे बाहेरून कळण्यास मार्ग नव्हता.

आता प्रत्यक्ष मार्गदर्शिकांकडे वळू. दहा हजारांपर्यंत वस्तू असलेल्या लहान संग्रहालयांसाठी री-ऑर्गची योजना झाली असल्यामुळे आपल्याकडील बहुसंख्य संग्रहांस ती लागू पडण्यासारखी आहे. तिचे दहा निकष साधे व तपासण्याजोगे आहेत, आणि हा या पद्धतीचा मोठा गुण होय. कोणतीही वस्तू जमिनीवर ठेवलेली नसावी. भांडारगृहात संग्रहातील वस्तूंखेरीज दुसरे काही नसावे. प्रत्येक वस्तू तीन मिनिटांत सापडावी. आणि कोणत्याही वस्तूपर्यंत पोचण्यासाठी दोनाहून अधिक वस्तू हलवाव्या लागू नयेत. हे निकष अंतिम स्थितीचे वर्णन करतात. त्यातून काम कितपत साधले हे मोजता येते. काम चालू असताना संग्रह कोणत्या स्थितीत आहे हे मोजण्यासाठी ते लावावेत, असा विचार मात्र सहसा कोणी करीत नाही.

तो आपण करून पाहू. फडताळे सुताराकडे गेली आहेत, भिंती खरवडून झाल्या आहेत आणि संग्रह पलीकडच्या खोलीत किंवा व्हरांड्याचा भाग पडदीने बंद करून तेथे ठेवला आहे. पेट्या जमिनीवर आहेत. त्यांच्या शेजारी जुन्या चौकटी, गोणपाट, रिकामी खोकी व रंगाचे डबे आहेत. तळाच्या पेटीवर आणखी चार पेट्या आहेत आणि त्यांच्या पुढे दुसरी रांग आहे. दहापैकी निदान पाच निकष येथे एकाच वेळी मोडले गेले. त्यांतील दोन वस्तूंचा निकष मोडला जाणे सर्वात घातक, असे आम्हास वाटते. हा निकष सामान्यतः सोयीचा म्हणून समजला जातो : अभ्यासकास वस्तू लवकर मिळावी, हाताळणी कमी व्हावी, इतकाच त्याचा हेतू मानतात. किडीच्या दृष्टीने त्याचा अर्थ निराळा आहे. जी वस्तू काढण्यास वीस पेट्या हलवाव्या लागतात ती वस्तू कोणीही पाहावयास जात नाही, आणि जी पाहिली जात नाही तिच्यात अळी निर्धास्त वाढते. म्हणून तात्पुरत्या खोलीची मांडणी जागा किती वाचते यावरून ठरविणे चूक आहे. दोन रांगांमध्ये माणूस दिवा घेऊन बसू शकेल एवढी वाट सोडल्याने दुप्पट जागा लागत असेल, तर ती मिळविली पाहिजे. आणि ती मिळत नसेल, तर काम दोन टप्प्यांत केले पाहिजे.

लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये विकसित झालेली धोक्याच्या क्षेत्रांची कल्पना याच दृष्टीने तपासण्यासारखी आहे. इमारतीच्या नकाशावर अ, ब, क, ड अशी क्षेत्रे पाडावयाची. लोकर, पिसे, कातडी, वाळवलेले प्राणी अशा सहज खाल्ल्या जाणाऱ्या वस्तूंच्या खोल्यांना सर्वात कडक नियम, व कचेऱ्या, उपाहारगृहे वगैरेंना त्यांच्या प्रकारानुसार निराळे नियम लावावयाचे, अशी ही व्यवस्था. कल्पना उत्तम आहे आणि स्थिर इमारतीत तिचा उपयोग निर्विवाद आहे. पण नूतनीकरण सुरू होताच नकाशावरील क्षेत्रे जागची हलतात. काल जो जिना होता तो आज पैठण्यांच्या पेट्या ठेवण्याची जागा झाला. काल जी अ वर्गाची खोली होती तेथे आज गवंडी जेवतात. नकाशा तोच राहतो, आणि सापळे नकाशाप्रमाणे रिकाम्या खोलीत पडून राहतात. क्षेत्र हे खोलीशी न बांधता वस्तूशी बांधले जावे आणि कामाच्या प्रत्येक टप्प्यास नकाशा नव्याने आखला जावा, एवढी दुरुस्ती या कल्पनेत केली तर ती आपल्या उपयोगी पडेल.

याहून गंभीर प्रश्न कालमानाचा आहे. ज्या भुंगेऱ्यास लिनियसने १७६१ मध्ये ‘म्युझियोरम’, म्हणजे संग्रहालयांचा, असे नाव दिले, तो व त्याचे भाईबंद थंड देशांत साधारणतः वर्षास एक पिढी पुरी करतात. त्यांची केसाळ अळी लोकर व पिसे खाते. प्रौढ भुंगेरा फुलांवर जातो आणि वसंतात खिडकीच्या काचेशी आढळतो. अशा किडीवर दर तीन महिन्यांनी सापळे तपासून लक्ष ठेवता येते. आपल्याकडे कागद, पुठ्ठा, खळ व लाकूड यांचा फडशा पाडणारे जे लहान तपकिरी भुंगेरे आहेत, तंबाखूवर पडणारा, पाव-मसाल्यांवर पडणारा आणि भारतीय ग्रंथकीटक म्हणून ओळखला जाणारा, त्यांचे गणित वेगळे आहे. यांपैकी तंबाखूचा भुंगेरा तीस अंशांच्या आसपासच्या तपमानात व पुरेशा दमट हवेत दीड ते दोन महिन्यांत एक पिढी पुरी करू शकतो. सहा महिन्यांच्या कामात अशा तीन-चार पिढ्या होतात. शिवाय नुकसान करते ती अळी, आणि ती गठ्ठ्याच्या पोटात भुयार करून राहते. चिकट सापळ्यावर सापडतो तो बाहेर पडलेला प्रौढ. म्हणजे सापळ्यात भुंगेरा दिसतो तेव्हा एका पिढीचे खाणे आटोपलेले असते. त्यातून बांधकाम चालू असलेल्या जागेत सापळ्यांवर धुळीचा थर बसून त्यांचा चिकटपणा चार दिवसांत जातो. समशीतोष्ण देशांतील वेळापत्रक आपल्याकडे जसेच्या तसे वापरल्यास सापळे असूनही नसल्यासारखे होतात. पंधरा दिवसांनी सापळे बदलणे आणि दर महिन्यास ठरावीक पेट्या प्रत्यक्ष उघडून गठ्ठ्यांच्या शिवणीत, पुठ्ठ्यांच्या कडांशी पिठासारखी पूड आहे काय हे पाहणे, यास पर्याय नाही.

ही कीड येते कोठून, याविषयीही थोडे सांगितले पाहिजे. कारण नूतनीकरण म्हणजे स्वच्छता असा एक समज रूढ आहे. जुने छप्पर उतरविले की त्यातील पारव्यांची व चिमण्यांची घरटी मोडतात, आणि त्या घरट्यांतील पिसांवर वर्षानुवर्षे जगणाऱ्या अळ्या नव्या अन्नाच्या शोधार्थ खाली येतात. पायाशी खणले की वाळवीचे जुने मार्ग तुटतात व ती दुसरीकडून वाट काढते. ओल्या गिलाव्यातून व नव्या काँक्रीटमधून कित्येक महिने पाणी हवेत येत राहते; त्या ओलाव्यावर बुरशी, बुरशीवर सूक्ष्म पुस्तक-उवा आणि त्यांच्या मागोमाग कसर अशी साखळी लागते. मराठीत हिशेबातील तूट आणि कपड्या-कागदांस लागणारी कीड या दोहोंना ‘कसर’ हा एकच शब्द आहे, हे येथे सहज आठवते. नव्या फडताळांसाठी आणलेल्या लाकडातही पुष्कळदा पूड पाडणारे भुंगेरे असतात. तेव्हा नवे लाकूड हे संशयितच समजावे. आणि कोकणात वा मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हवेची आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर राहत असता भिंतींचे ओले काम काढणे हा तर स्वतःहून ओढवून घेतलेला धोका आहे. आर्थिक वर्ष मार्चअखेर संपते, मंजुरी एप्रिल-मेमध्ये येते आणि काम पावसाच्या तोंडावर सुरू होते, असे अनेकदा घडते. हा क्रम बदलणे संग्रहपालाच्या हाती नसेल, पण त्याविषयी लेखी आक्षेप नोंदविणे त्याच्या हाती निश्चित आहे.

या सर्वावर आपल्याकडील ठराविक उपाय म्हणजे धुरी. अंदाजपत्रकात रंगकाम, विजेचे काम यांच्याखाली ‘कीडनाशक धुरी’ असे एक कलम असते, ते कंत्राटदारास दिलेले असते, आणि ते उरकले की किडीचा विषय संपला असे मानले जाते. या प्रवृत्तीवर कठोर टीका होणे आवश्यक आहे. पहिली गोष्ट, धुरीने त्या दिवशीची कीड मरते. खिडकी उघडी असेल तर दुसऱ्या दिवशी येणाऱ्या किडीस धुरीचा काहीही उपसर्ग पोचत नाही. दुसरी गोष्ट रसायनांची. मिथिल ब्रोमाइड हे एके काळचे सर्वमान्य द्रव्य ओझोनच्या थरास अपाय करणारे म्हणून माँट्रियल करारान्वये प्रगत देशांत २००५ पासून व विकसनशील देशांत २०१५ पासून, काही अपवाद वगळता, बंद झाले. इथिलीन ऑक्साइड कर्करोगकारक ठरले. धान्याच्या गोदामांत सर्रास वापरला जाणारा फॉस्फीन वायू तांबे व त्याचे मिश्रधातू काळवंडून टाकतो, सोन्याचांदीवरही परिणाम करतो. ज्या संग्रहात जरीची वस्त्रे आहेत तेथे त्याचा वापर म्हणजे अळीपासून रेशीम वाचवून जर घालविणे होय. गोदामास धुरी देणारा इसम हा भेद जाणत असेल, अशी अपेक्षा करता येत नाही.

विषाची बाब एवढ्यावर संपत नाही. अठराव्या शतकात बेकूर या फ्रेंच औषधविक्रेत्याने सोमलयुक्त साबण तयार केला, तेव्हापासून पेंढा भरलेले प्राणी, पिसांचे अलंकार, वाळवलेल्या वनस्पती यांवर सोमल, पारद-लवण व पुढे डीडीटी यांचे थर देण्याची प्रथा जगभर होती. अमेरिकेत १९९० च्या कायद्यान्वये मूळ रहिवाशांच्या पवित्र वस्तू संग्रहालयांकडून परत मिळू लागल्या, तेव्हा होपी लोकांना परत मिळालेल्या काही धार्मिक वस्तूंवर सोमल असल्याचे आढळले. तोंडाशी व अंगाशी धरावयाच्या त्या वस्तू. एका पिढीने संग्रह वाचविण्यासाठी केलेला उपाय पुढच्या पिढीच्या जिवावर येऊ शकतो, याचे याहून बोलके उदाहरण नाही. नूतनीकरणात जुने खण रिकामे करणारे, तळाशी साचलेली पूड झाडणारे लोक कोण असतात? बहुधा रोजंदारीवरचे हमाल. त्यांना हातमोजे व तोंडावर योग्य गाळणीचा मुखवटा देण्याची तरतूद धुरीच्या कलमाशेजारी आम्ही क्वचितच पाहिली आहे. मार्गदर्शिकांत कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेचा उल्लेख असतो; पण तो प्रशिक्षित कर्मचारी गृहीत धरतो. आपल्याकडे त्या पेटीस पहिला हात लावणारा माणूस कर्मचारी नसतोच.

धुरीऐवजी आज दोन उपाय अधिक निर्धोक मानले जातात. वस्तू पॉलिथिनमध्ये बंद करून उणे तीस अंशांत तीन दिवस किंवा उणे अठरा अंशांत दोन आठवडे ठेवणे हा एक. बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तपमानास येईपर्यंत वेष्टन उघडावयाचे नाही, नाहीतर तिच्यावर दव धरते. दुसरा उपाय प्राणवायू काढून घेण्याचा. हवाबंद वेष्टनात नत्रवायू भरून प्राणवायूचे प्रमाण सुमारे ०.१ टक्क्यापर्यंत खाली आणले व पंचवीस अंशांच्या आसपास तीन-चार आठवडे टिकविले, तर अंडी-अळ्यांसह कीड मरते; या पद्धतीचे विवेचन सेल्विट्झ व माएकावा यांच्या १९९८ च्या ग्रंथात आहे. अमेरिकन इंडियन लोकांच्या राष्ट्रीय संग्रहालयाने न्यूयॉर्कमधील ब्राँक्स येथील आपला सुमारे आठ लाख वस्तूंचा संग्रह १९९९ ते २००४ या काळात मेरीलँडमधील सूटलँड येथे हलविला. त्यात किडीवरील उपचार हा स्थलांतराच्या क्रमातीलच एक टप्पा होता. त्याचा आदर्श घेण्यासारखा आहे. तेथे वस्तूंच्या वेष्टनाविषयी मूळ रहिवाशांच्या प्रतिनिधींचे मत विचारात घेतले गेले. काही वस्तू सजीव आहेत, त्यांना श्वास घेऊ द्यावा, हवाबंद करू नये, अशी त्यांची धारणा होती. तांत्रिक नियमास अपवाद करण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न देवघरातून संग्रहालयात आलेल्या मूर्तींच्या वस्त्रांबाबत आपल्याकडेही उपस्थित होऊ शकतो.

आता आपल्या परंपरेविषयी. पोथ्यांमध्ये वेखंड, कडुनिंबाचा पाला किंवा सापाची कात ठेवण्याची चाल सर्वपरिचित आहे, आणि अलीकडे तिचे समर्थन मोठ्या उत्साहाने होते. वेखंडाचा व निंबाचा काही अंशी प्रतिबंधक उपयोग असावा. परंतु संग्रहाचे रक्षण या द्रव्यांनी केले असे मानणे म्हणजे गौण गोष्टीस मुख्य समजणे होय. वनस्पतिद्रव्यांचा वास काही महिन्यांत उडतो. मग पाला बदलण्यासाठी बासन सोडावे लागते. पोथी बाहेर येते, पाने मोकळी होतात, झटकली जातात, हवेस ठेवली जातात आणि पुन्हा घट्ट बांधली जातात. रक्षण झाले ते या उघडण्यामुळे. पुष्पिकांमध्ये तेल व पाणी यांच्या जोडीने सैल बांधणीपासूनही पोथी राखण्याची सूचना वारंवार आढळते, ती याच व्यवहारज्ञानाची साक्ष आहे. ‘बासनात गुंडाळणे’ या वाक्प्रचारास पुढे उपेक्षेचा अर्थ आला, तोही अनुभवातूनच. पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ मध्ये संपादिले. त्यासाठी रुमालांमागून रुमाल सोडले गेले. संशोधकाचा हात हाही एक प्रकारचा पहाराच असतो, आणि नूतनीकरणाच्या काळात ‘संग्रह अभ्यासकांस बंद’ अशी पाटी लागते तेव्हा तो पहाराही उठतो.

जपानमधील नारा येथील शोसोइन भांडाराचे उदाहरण या संदर्भात विचारात घ्यावे. आठव्या शतकातील या संग्रहाची पेटारे उघडून हवा देण्याची वार्षिक प्रथा आजही पाळली जाते. शरद ऋतूत, हवा कोरडी झाल्यावर, राजमुद्रेची कुलुपे उघडतात, तपासणी होते आणि त्याच सुमारास काही वस्तू नारा येथे लोकांना दाखविल्या जातात. जुन्या लाकडी इमारतीच्या छपराची मोठी दुरुस्ती २०११ ते २०१४ मध्ये झाली. त्या वेळी खजिना हलविण्याचा प्रश्न उद्भवला नाही. कारण १९५३ व १९६२ मध्ये बांधलेल्या दोन काँक्रीटच्या भांडारगृहांत तो पूर्वीच नेलेला होता. आधी नवे घर, ते पुरते वाळल्यावर संग्रहाचे स्थलांतर, आणि मग जुन्याची दुरुस्ती, हा क्रम त्यांना दीर्घकाळ साधता आला. आपल्या संस्थांकडे एवढा पैसा व अवधी नाही, असे यावर म्हटले जाईल. ते मान्य करूनही ‘नवे वाळल्यावर’ ही अट सोडता येत नाही. तिला पैसा लागत नाही, फक्त थांबावे लागते.

जबाबदारीचा मुद्दा उरतो. कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये द्विशताब्दीनिमित्त नूतनीकरण चालू असता २०१३ मध्ये रामपूर्वा येथील अशोककालीन सिंहशीर्षास स्थलांतरात इजा झाली आणि त्यावर देशभर चर्चा झाली. ती होणे योग्यच होते. परंतु दगडास गेलेला तडा दिवस व स्थळ दाखवून देतो; अळीने खाल्लेल्या वस्त्रास असा दिनांक नसतो. काम संपल्यावर वर्षाने पेटी उघडावी, भोके दिसावीत, आणि ती आधीची की नंतरची यावर कंत्राटदार, अभियंता व संग्रहपाल यांच्यात पत्रव्यवहार चालावा, हा नित्याचा शेवट होय. म्हणून प्रत्येक पेटी बांधताना आतील वस्तूंची अवस्था, जुन्या भोकांसह, छायाचित्रात नोंदली पाहिजे, आणि पेटी उघडल्याचे दिनांक तिच्यावरच लिहिले गेले पाहिजेत. जुनी भोके नोंदलेली असली म्हणजे नवी मोजता येतात. ही नोंद ठेवण्याचे व कीड आढळल्यास काम थांबविण्याचे अधिकार बांधकाम सुरू होण्यापूर्वी संग्रहपालाच्या नावे लेखी असावेत. आणि ज्या वस्तू गोठविता येत नाहीत, लाखकाम, रंगथर सुटलेली चित्रे, हस्तिदंत जडविलेले लाकूड, त्यांच्या नत्रवायूतील चार आठवड्यांची जागा कामाच्या वेळापत्रकात आधीच राखून ठेवलेली असावी.